पाणी, घर आणि कायदा : मृणाल गोरे यांच्या लोकप्रतिनिधित्वाची चिकित्सा

महाराष्ट्राच्या विधिमंडळाविषयी उपलब्ध असलेल्या लेखनात आमदार ही व्यक्ती साधारणतः दोन रूपांत आढळते. निवडणुकांच्या विश्लेषणात ती पक्षनिहाय बलाबलातील एक आकडा असते, तर गौरवग्रंथ, स्मरणिका आणि मृत्युलेख यांत ती जनसेवेची मूर्ती असते. पहिल्या प्रकारात तिचे काम दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात कामांची यादी दिसते, परंतु त्या कामाची पद्धती, तिच्या मर्यादा आणि तिचे अपयश यांना जागा मिळत नाही. मृणाल गोरे (१९२८-२०१२) यांच्याविषयीचे बरेचसे मराठी लेखन या दुसऱ्या प्रकारात मोडते. त्यांचा त्याग, साधी राहणी, करारीपणा यांविषयी त्यात पुष्कळ वाचावयास मिळते आणि ते खोटेही नाही. मात्र एका राज्यविधिमंडळ सदस्येने आपल्या वस्तीतील प्रश्न सभागृहापर्यंत कसा नेला, तेथून तो कोणत्या रूपात परत आला आणि परत आल्यावर त्याचे काय झाले, या प्रश्नाची मांडणी क्वचितच झालेली आहे.

प्रस्तुत लेखात ती मांडणी तीन प्रसंगांच्या आधारे केली आहे. गोरेगावचे पाणी, दिंडोशीची घरे आणि गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा हे ते तीन प्रसंग होत. तिन्ही ठिकाणी कार्यकर्ती एकच, निष्ठा एकच आणि चिकाटीही तीच होती. असे असूनही पहिल्या दोन ठिकाणी मिळालेले यश टिकले, तर तिसऱ्या ठिकाणी कायदा होऊनही हेतू साध्य झाला नाही. हा फरक व्यक्तीच्या गुणांतून उलगडत नाही. तो ज्यांच्यासाठी लढा झाला त्यांच्या स्थितीतून उलगडतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

उपाधीचा अर्थ आणि तिचा संकोच

मृणाल गोरे यांना 'पाणीवाली बाई' ही उपाधी १९६० च्या दशकात चिकटली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या व इंदिरा गांधी पराभूत झाल्या, तेव्हा 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा देशभर गाजली. घोषणा म्हणून ती अतिशय चपखल आहे. तथापि तिच्यामुळे एका दीर्घ राजकीय कारकिर्दीचे आकलन दोन शब्दांत बंदिस्त झाले, हेही नाकारता येत नाही.

या दोन शब्दांपैकी 'बाई' हा शब्द विशेष विचार करण्यासारखा आहे. समाजवादी परिवारात व गोरेगावात त्यांचा उल्लेख 'मृणालताई' असाच होत असे. 'ताई' या संबोधनात वडीलकी आहे, हक्काने तक्रार घेऊन जाण्याची मुभा आहे, आणि प्रसंगी ताईने रागावण्याचीही सोय आहे. 'बाई' हे लांबून पाहणाऱ्यांचे, वर्तमानपत्रांचे आणि काही अंशी प्रतिपक्षाचे संबोधन होय. शिवाय 'पाणीवाली' या विशेषणात पाणी आणून देणारी असा अर्थ अपरिहार्यपणे येतो. वस्तुतः गोरे यांनी पाणी आणून दिले नाही. पाणी मागण्याचा अधिकार कोणाला आहे, या प्रश्नाचे महानगरपालिकेचे उत्तर त्यांनी बदलावयास लावले. दाता आणि प्रतिनिधी यांतील हा भेद उपाधीत पुसला जातो. आजही 'कामे करणारा आमदार' या वाक्प्रयोगात तो तसाच पुसलेला आढळतो.

वस्ती : प्रतिनिधित्वाची शाळा

गोरे यांचा राजकीय प्रवेश निवडणुकीतून झालेला नाही. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात उतरल्या. १९४८ मध्ये केशव गोरे यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला आणि गोरेगाव हे दोघांचे कार्यक्षेत्र ठरले. राममनोहर लोहिया यांनी राजकीय कार्याची खूण म्हणून फावडे, तुरुंग आणि मत या त्रयीचा उल्लेख केला होता. गोरेगावातील समाजवादी मंडळींनी यातील फावड्याचा अर्थ फार व्यापक घेतला. कुटुंबनियोजनाचा प्रचार, स्त्रियांचे मेळावे, वाचनालय, सफाई ही सगळी कामे त्यात आली. १९५८ मध्ये केशव गोरे यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या नावे गोरेगावात उभे राहिलेले स्मारक पुढे सभा, शिबिरे, ग्रंथालय आणि सल्लाकेंद्र यांचे ठिकाण बनले.

या स्मारकाचे महत्त्व केवळ भावनिक नाही. पक्ष फुटत राहिले, विलीन होत राहिले, नावे बदलत राहिली. समाजवाद्यांच्या या फाटाफुटीचा इतिहास सांगू लागल्यास स्वतंत्र प्रबंध होईल. या सगळ्या काळात गोरेगावातील कार्यकर्त्याला बसण्यासाठी एक स्थिर जागा होती, ती पक्षाची कचेरी नव्हती. आमदारकी गेली तरी ही जागा जात नसे. १९८० च्या दशकात तेथूनच 'स्वाधार' या स्त्रियांसाठीच्या सल्ला व आधार केंद्राचे काम सुरू झाले. लोकप्रतिनिधीचे सार्वजनिक जीवन आणि वस्तीचे सामूहिक जीवन ही जेथे एकमेकांत मिसळतात अशी वास्तू मुंबईच्या उपनगरांत फारशी आढळत नाही.

१९५७ मध्ये जोगेश्वरीपासून दहिसरपर्यंतची विस्तारित उपनगरे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आली. हद्द वाढली, कर वाढला, परंतु जलवाहिन्या त्याच गतीने वाढल्या नाहीत. १९६१ मध्ये गोरे नगरसेवक म्हणून निवडून आल्या तेव्हा गोरेगावात चाळींतील मध्यमवर्ग व झोपडपट्ट्यांतील श्रमिक या दोहोंनाही पाण्याची टंचाई होती. त्या टंचाईचे कारण मात्र दोघांच्या बाबतीत वेगळे होते. चाळीला नळ होता, दाब नव्हता. झोपडीला नळच नव्हता, कारण अनधिकृत वस्तीस पाणी दिल्यास अतिक्रमणास मान्यता दिल्यासारखे होईल, असा प्रशासनाचा युक्तिवाद होता.

येथे गोरे यांच्या पद्धतीचे पहिले वैशिष्ट्य दिसते. दोन वेगळ्या तक्रारींना त्यांनी एका मोर्चात आणले. रिकामे हंडे-कळश्या घेऊन निघालेल्या स्त्रियांत दोन्ही प्रकारच्या घरांतील स्त्रिया होत्या. पाणी ही वस्तू जमिनीच्या मालकीपासून वेगळी काढणे, राहण्याचा हक्क वादग्रस्त असला तरी पिण्याचा हक्क वादग्रस्त नाही असे म्हणणे, हा या आंदोलनाचा गाभा होता. त्यास त्या काळी 'मूलभूत अधिकार' असे नाव कोणी दिले नव्हते. मोर्चा निघाला की दुसऱ्या दिवशी पाणी आले किंवा नाही हे तपासणारे लोक वस्तीतच होते, ही बाब पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. नळ कोरडा राहिला तर ते सांगण्यासाठी अहवालाची गरज पडत नसे.

२२२ विरुद्ध मूठभर

१९७२ मध्ये गोरे विधानसभेवर निवडून आल्या. २७० सदस्यांच्या त्या सभागृहात काँग्रेसचे २२२ सदस्य होते. अशा सभागृहात विरोधी सदस्याच्या मताला संख्या म्हणून काही किंमत नसते. उरतात ती संसदीय आयुधे, म्हणजे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, स्थगन प्रस्ताव. ही आयुधे बोथट की धारदार, हे सभागृहाबाहेर काय चालले आहे यावर ठरते, आणि त्या वर्षी बाहेर बरेच काही चालले होते. राज्यात भीषण दुष्काळ होता. धान्य, खाद्यतेल, रॉकेल यांचे भाव भडकले होते. अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी आदी डाव्या पक्षांतील नेत्यांसह गोरे यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या माध्यमातून मुंबईच्या रस्त्यावर हजारो स्त्रिया आणल्या. लाटणे हे या आंदोलनाचे हत्यार ठरले आणि थाळीचा आवाज ही त्याची भाषा ठरली.

या आंदोलनावर नंतरच्या स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतलेला एक आक्षेप गंभीर आहे. लाटणे हातात घेऊन रस्त्यावर येणारी स्त्री स्वयंपाकघर सोडून येत नाही, ती ते बरोबर घेऊन येते, आणि त्यामुळे गृहिणी ही तिची पारंपरिक ओळख अधिकच घट्ट होते, असा तो आक्षेप आहे. तो पूर्णतः फेटाळता येत नाही. परंतु गोरे यांच्याबाबत कालक्रम पाहणे इष्ट ठरते. १९७२ मध्ये रॉकेल आणि तेल यांवर बोलणारी ही नेती पुढच्या दशकात घरातील मारहाण, हुंडा आणि स्त्रीचे गर्भाशय या विषयांवर बोलू लागली. ज्या स्त्रिया रेशनसाठी एकत्र आल्या त्यांच्याच घरांतील दुखणी पुढे सल्लाकेंद्राच्या दारात आली. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडलेली चळवळ दाराशीच थांबली नाही, एवढे या उदाहरणापुरते तरी म्हणता येते.

आणीबाणीतील भूमिगत जीवन, डिसेंबर १९७५ मधील अटक, तुरुंगवास आणि त्यानंतरची लोकसभेतील दोन-अडीच वर्षे हा भाग चरित्रपर लेखनात विस्ताराने आलेला आहे. जनता सरकारात मंत्रिपद स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला, याचाही गौरवाने उल्लेख होतो. लोकप्रतिनिधित्वाच्या दृष्टीने मात्र हा नकार वादग्रस्त मानावयास हवा. रस्त्यावर ज्या मागण्या केल्या त्या शासनात बसून राबविण्याची संधी समोर असता ती न घेणे यास केवळ निःस्पृहता म्हणता येईल काय? समाजवादी परंपरेतील सत्तेविषयीचा संकोच यामागे असावा. त्या संकोचाची किंमत पुढे आरोग्याच्याच एका प्रश्नावर मोजावी लागली.

दिंडोशी : कलम आणि कुदळ

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने बृहन्मुंबईत रिक्त जमिनीची मर्यादा ५०० चौरस मीटर ठरविली. अतिरिक्त जमीन शासनाने ताब्यात घेऊन दुर्बल घटकांच्या घरांसाठी वापरावी, हा कायद्याचा घोषित हेतू होता. परंतु कलम २० अन्वये सूट देण्याचा अधिकार शासनानेच आपल्याकडे ठेवला होता आणि व्यवहारात ही सूटच नियम बनली. कायदा जमीनधारकांविरुद्ध होता, सूट त्यांच्यासाठी होती. मुंबईत मोकळी जमीन कागदोपत्री भरपूर दिसत असे, परंतु शासनाच्या ताब्यात फारच थोडी येत असे.

१९८० च्या दशकाच्या आरंभी गोरे, बाबूराव सामंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी नवा कायदा मागितला नाही. अस्तित्वात असलेला कायदा त्याच्या घोषित हेतूप्रमाणे वापरा, एवढीच त्यांची मागणी होती. मागणी साधी असली तरी तिचा पाठपुरावा अत्यंत किचकट होता. मोकळ्या जमिनींचा शोध घेणे, घरासाठी अर्ज भरून घेणे, उत्पन्नाचे दाखले गोळा करणे, मोर्चे काढणे, मंत्रालयात खेटे घालणे आणि न्यायालयात टिकून राहणे ही सर्व कामे एकाच वेळी चालू होती. १९८५ मध्ये गोरे पुन्हा विधानसभेत आल्या, पुढे काही काळ विरोधी पक्षनेतेपदही त्यांच्याकडे होते, आणि त्यामुळे सभागृहातील प्रश्नोत्तरे व वस्तीतील अर्जदारांच्या सभा यांत थेट दुवा निर्माण झाला. अखेरीस गोरेगाव पूर्वेस दिंडोशी येथे सुमारे ६२ एकर जमिनीवर ६,२१४ घरांची वसाहत उभी राहिली.

हा प्रकल्प म्हणजे गोरे यांच्या पद्धतीचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण होय. येथे लाभार्थी हेच आंदोलक होते, अर्जदार होते आणि हिशेब तपासणारेही होते. प्रत्येकाच्या हातात पावती होती. फाइल एखाद्या टेबलावर अडली तर ती कोठे अडली हे विचारणारी हजारो माणसे होती.

तथापि याच ठिकाणी या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट होते. अर्ज भरू शकणारा, हप्ता देऊ शकणारा आणि वर्षानुवर्षे सभांना येऊ शकणारा मनुष्य हा गरिबांतील सर्वांत गरीब नसतो. संघटनेत शिरण्यासाठीही काही एक ऐपत लागते. शिवाय ६,२१४ ही संख्या एका वसाहतीसाठी मोठी असली तरी शहराच्या गरजेपुढे ती नाममात्र आहे. परिषदेने घालून दिलेला मार्ग इतरांनी अनुसरावा, असा प्रघात पडला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. तसे झाले नाही. केंद्राने १९९९ मध्ये मूळ कायदा निरसित केला आणि महाराष्ट्राने २००७ मध्ये तोच मार्ग धरला. ज्या कलमाच्या आधारे दिंडोशी उभी राहिली ते कलमच उरले नाही. वसाहत राहिली, परंतु तिचा दाखला देऊन दुसरी वसाहत मागण्याची वाट बंद झाली.

तक्रारदार नसलेला कायदा

गोरे यांच्या विधिमंडळीय कामगिरीत १९८६ चे अशासकीय विधेयक सर्वांत महत्त्वाचे मानावे लागते. गर्भजल परीक्षणाचा वापर करून स्त्रीगर्भ ओळखणे व तो पाडणे हा प्रकार तोवर मुंबईत राजरोस झाला होता. जाहिराती भिंतींवर आणि लोकलगाड्यांत झळकत होत्या. राज्य शासनाच्या आरोग्य विभागासाठी त्याच सुमारास झालेल्या एका पाहणीत मुंबईतील ५० पैकी ४२ स्त्रीरोगतज्ज्ञ लिंगनिदानासाठी ही चाचणी करीत असल्याचे आढळले होते. स्त्री संघटना, आरोग्य कार्यकर्ते व शास्त्रज्ञ यांचा एक मंच या विरोधात उभा राहिला होता. या मंचाबाहेरील जनमत मात्र उदासीन होते. चाचणी करून घेणारी कुटुंबे समाधानी होती, चाचणी करणारे डॉक्टरही समाधानी होते.

अशासकीय विधेयक संमत होणे ही आपल्या विधिमंडळांत अपवादात्मक घटना असते. त्यासाठी आठवड्यातील थोडाच वेळ राखलेला असतो, आणि बहुतेक विधेयके मंत्र्यांच्या आश्वासनानंतर मागे घेतली जातात किंवा सभागृहाची मुदत संपताच व्यपगत होतात. तरीही या साधनाला अर्थ आहे. विषय एकदा सभागृहाच्या दप्तरात गेला की शासनाला त्यावर भूमिका घ्यावी लागते. गोरे यांच्या विधेयकाने हेच साधले. बाहेरील मंचाचा दबाव आणि आतील विधेयक यांच्या संयोगातून राज्य शासनाने स्वतःचा कायदा आणला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्र हे प्रसवपूर्व निदानतंत्राच्या वापरास नियंत्रित करणारे देशातील पहिले राज्य ठरले. १९९४ चा केंद्रीय कायदा याच वाटेने पुढे आला.

येथवरचा इतिहास यशाचा आहे आणि बहुतेक लेखन येथेच थांबते. शासनाने आणलेला कायदा आणि चळवळीची मागणी यांत अंतर होते, हे त्या वेळीच टीकाकारांनी दाखवून दिले होते. नोंदणीकृत खासगी केंद्रांना चाचण्या करण्याची मुभा कायम राहिली आणि अंमलबजावणीची किल्ली शासकीय यंत्रणेच्या हाती राहिली. विधेयक मांडणाऱ्यांच्या हातून मसुदा सुटला आणि तो खात्याच्या हाती गेला, तेव्हा त्याची धार कमी झाली. मंत्रिपद नाकारण्याची किंमत म्हणून वर जे म्हटले आहे ते या संदर्भात. विरोधी बाकांवरून कायदा सुचविता येतो, पण त्याचे नियम लिहिता येत नाहीत.

परंतु सदोष मसुदा हे अपयशाचे पूर्ण कारण नव्हे. जनगणनेनुसार महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती. २००१ मध्ये ती ९१३ झाली आणि २०११ मध्ये ८९४. म्हणजे देशात प्रथम कायदा करणाऱ्या राज्यातच कायद्यानंतरच्या दोन दशकांत घसरण होत राहिली. दरम्यान गर्भजल परीक्षणाची जागा सोनोग्राफीने घेतली, यंत्रे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली, आणि २००० मध्ये स्वयंसेवी संस्था व कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेल्यावरच केंद्रीय कायद्याच्या अंमलबजावणीस काहीसा वेग आला. २००३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली.

गोरेगावचे पाणी आणि दिंडोशीची घरे यांच्याशी तुलना केल्यास अडचण कोठे आहे ते दिसते. नळ कोरडा राहिला तर तक्रार करणारी स्त्री होती. घराचा अर्ज अडला तर अर्जदार होता. लिंगनिदानाच्या व्यवहारात मात्र घेणारा आणि देणारा या दोघांनाही तक्रार करावयाची नसते. ज्या स्त्रीवर दबाव येतो ती त्याच घरात राहते आणि जिचे नुकसान होते ती जन्मालाच येत नाही. हंडा मोर्चात वस्ती प्रतिनिधीच्या मागे उभी होती. या प्रश्नात प्रतिनिधीला वस्तीच्याच विरोधात उभे राहावे लागले. जिच्याशी आयुष्यभर संवाद साधला, जिच्या मतांवर सभागृहात स्थान मिळविले, त्याच मध्यमवर्गीय आणि श्रमिक वस्तीतील कुटुंबे या गुन्ह्यात सहभागी होती. मतदारांच्या इच्छेचा वाहक आणि स्वतःच्या विवेकाने निर्णय घेणारा प्रतिनिधी, असा भेद राज्यशास्त्रात शिकविला जातो. गोरे यांच्या कारकिर्दीत या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीने वठविल्या. पहिलीत त्या अधिक यशस्वी ठरल्या यात आश्चर्य नाही. दुसरी भूमिका त्यांनी स्वीकारली, हे मात्र कमी आमदारांविषयी म्हणता येईल. या विधेयकाने मते वाढण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच.

त्यांच्या पद्धतीत यासाठी काही तरतूद होती काय, हा प्रश्न उरतो. 'स्वाधार'सारख्या केंद्रात घरातील दबाव बोलून दाखविण्याची जागा स्त्रीला मिळाली. एका उपनगरातील असे केंद्र आणि राज्यभर पसरलेला यंत्रांचा व्यापार यांतील प्रमाण पाहता त्याकडून फार अपेक्षा करणे न्याय्य नव्हे. तरीही, कायद्याला बाहेरचा तक्रारदार लागतो आणि तो नसेल तेथे तो घडवावा लागतो, ही जाण त्या कामात होती.

नळाचा प्रश्न, पुन्हा

१७ जुलै २०१२ रोजी गोरे यांचे निधन झाले. २०१६ मध्ये गोरेगावातील एका उड्डाणपुलास त्यांचे नाव देण्यात आले. वस्तीतल्या नळांपाशी उभे राहून ज्यांनी राजकारण केले त्यांचे स्मरण वस्तीवरून जाणाऱ्या पुलाने व्हावे, यात नामकरण समितीचा काही वाईट हेतू नसावा. मुंबईत नाव देण्याजोगे नवे बांधकाम बहुधा पुलाचेच असते.

झोपडीतल्या नळाचा प्रश्न मात्र त्यांच्या हयातीत संपला नाही. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेने व ओळखपत्रांनी काहींना मान्यता दिली. त्यानंतर विशिष्ट तारखेपूर्वीची झोपडी आणि नंतरची झोपडी असा भेद रूढ झाला, आणि तारखेनंतर आलेल्यांना पाणी नाकारण्याचे जुने कारण नव्या शब्दांत परत आले. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला. पाणी हा जगण्याच्या अधिकाराचा भाग असून १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांतील रहिवाशांनाही ते पूर्णतः नाकारता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. वास्तव्याचा हक्क आणि पाण्याचा हक्क यांची फारकत, जी १९६० च्या दशकात हंडे घेऊन निघालेल्या स्त्रियांनी केली होती, ती अशा रीतीने न्यायालयाच्या निर्णयात आली. महानगरपालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण २०२२ मध्ये आणले. या वेळी वाट महानगरपालिकेच्या सभागृहातून किंवा विधानसभेतून गेली नाही, ती याचिकेतून गेली. अर्ज भरणे, पावती जपणे आणि फाइल कोठे अडली हे विचारत राहणे हे काम मात्र पूर्वीप्रमाणेच वस्तीतील स्त्रियांकडे राहिले आहे.